डावा पीळ

दाताखाली काहीतरी टणक आलं तेव्हा महिपतीला आधी वाटलं, खडा असेल. मग वाटलं, काटा असेल. पण काटा टोचतो आणि खडा करकरतो, आणि हे दोन्ही करत नव्हतं. जिभेवर एक गार, गुळगुळीत गोष्ट फिरत होती. रतनबाईनं रविवार म्हणून खडशीचं, नदीतल्या थोराड माशाचं, कालवण केलं होतं आणि रिवाजाप्रमाणे डोकं त्याच्या ताटात वाढलं होतं. लोणावळ्याच्या रेल्वे चाळीतली ती अरुंद खोली, चुलीचा धूर, बाहेर घाट चढून आलेल्या विजेच्या इंजिनाची घरघर, सगळं नेहमीसारखं होतं. त्यानं बोटानं ती वस्तू तोंडातून काढली. माशाच्या ओठाचं जाड पांढरं मांस, आणि त्यात रुतून बसलेली सोन्याची तार. तारेत एक लाल मणी. रतनबाईनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, गळ राहिलाय तोंडात. एवढं म्हणून तो अर्ध्या जेवणावरून उठला, मोरीत गेला आणि पाठमोरा उभा राहून त्यानं मांस नखानं खरवडून काढलं. तारेची दोन टोकं एकमेकांवर पिळलेली होती. पीळ डाव्या अंगाला गेलेला होता. महिपतीनं मोरीच्या काठाला हात टेकला आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकलं.

तो पीळ त्यानंच घातला होता. महिपती डावखुरा. लहानपणी चुलत्यानं थोबाडीत मारमारून उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला लावलं, पण तार पिळायची, गाठ मारायची, दगड भिरकवायचा म्हटलं की डावाच हात पुढं यायचा. मानमोडीच्या साथीच्या साली त्याची थोरली बहीण कस्तुरा गेली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासरच्यांनी ताप भरल्यावर बैलगाडीत घालून माहेरी आणून टाकली आणि ती इथंच गेली. इंदुरीच्या वरच्या अंगाला नदीकाठी त्यांचं गाव, आणि गावाखाली आसरांचा, पाण्यातल्या देवतांचा, डोह. हौस पुरी न होता जी लेक जाते ती आसरांच्या मेळ्यात जाते, असं गावात मानतात. तिची आई मग तिची नथ डोहातल्या एखाद्या मोठ्या खडशीच्या ओठात घालते. त्या दिवसापासून ती खडशी त्या घरची लेक. डोहाच्या वरच्या अंगाला एक शेंदराचा धोंडा, खालच्या अंगाला एक. दोन धोंड्यांच्या मधलं पाणी आसरांचं. तिथं जाळं नाही, गळ नाही, मेलेला मासासुद्धा हातानं उचलायचा नाही. नथ घालायचा दिवस सोडला तर अंगाला हात लावायचा नाही. धोंड्याच्या पलीकडं मात्र नदी सगळ्यांची, आणि पलीकडच्या खडश्या नुसते मासे, ते महिपतीच्या गावानंही पिढ्यान् पिढ्या चवीनं खाल्ले होते. त्या दिवशी आईनं, विठाबाईनं, मासा पदरात धरला होता. पीळ तिला जमेना. बारक्या महिपतीनं पुढं होऊन डाव्या हातानं तार पिळली, टोक दातानं दाबलं. माशाच्या ओठाला शेवाळाची चव होती, ती त्याला आज पंधरा वर्षांनी मोरीत उभा असताना आठवली.

संशय हा महिपतीचा पगारी धंदा होता. स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसात तो कारकून. टोपलीवर आंबे म्हणून लिहिलेलं असतं आणि तळाशी कोंबड्या असतात, तेल म्हणून आलेल्या डब्याला तुपाचा वास येतो, आणि असं काही वजनकाट्यावर ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा इतका भाबडा असतो की देवळात तसा दिसत नाही. महिपतीनं यातून एक नियम काढला होता आणि त्याचा त्याला बारीक गर्व होता. खरा माणूस आपल्या टोपलीकडं बघतो, फुटेल का, सांडेल का म्हणून. खोटा माणूस टोपली सोडून बाबूच्या तोंडाकडं बघतो. या एका नियमावर त्यानं कित्येक टोपल्या उलट्या केल्या होत्या. आता तो खाटेवर पडून तोच नियम घेऊन गावातल्या एकेका माणसासमोर उभा राहू लागला. नथ सोन्याची होती आणि माशाबरोबर बाजारात आली होती, म्हणजे पकडणाऱ्यानं ती काढून घेतली नव्हती. परक्या माणसानं आधी सोनं काढलं असतं. सोन्याला हात लावायची ज्याची छाती झाली नाही, पण मासा विकायची झाली, तो आसरांना भिणारा, म्हणजे गावातलाच. महिपतीला हा हिशेब इतका बिनतोड वाटला की तो खाटेवर उठून बसला. गावातलाच, आणि डोहावर हक्कानं जाणारा. डोहाची राखण होती त्याच्या चुलत्याकडं, कोंडाजीआबांकडं. आबांना मिशीला तूप लावायची हौस पहिल्यापासूनच. पण आबा असं करतील? का नाही करणार? ज्या हातानं थोबाडीत मारल्या तो हात काय वेगळा होता? विचार असा पुढं गेला की महिपतीला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज ओसरली की तो पुन्हा तिथूनच पुढं जायचा.

सोमवारी सकाळच्या गाडीला सरुबाई उतरली. भोयांची म्हातारी, तळेगावच्या बाजारात मासे घ्यायची आणि लोणावळ्यात दारोदार विकायची. एरवी महिपती तिच्या पाटीकडं कानाडोळा करायचा. आज त्यानं पाटी खाली उतरवायला लावली आणि विचारलं, कालची खडशी कुणाकडून घेतलीस. सरुबाई म्हणाली, शिदूकडनं, तुमच्याच नदीवरच्या कातकऱ्याकडनं, ताजी होती, खराब लागली का काय? म्हणाली आणि पाटीवरचा ओला पाला सारखा करू लागली. नियमाप्रमाणे ती खरी ठरत होती. महिपतीला वाटलं, या बाईला नियम ठाऊक असावा. इतकी वर्षं याच फलाटावरून ये-जा करते, तिला काय कळत नसेल? त्या दिवशी पार्सल ऑफिसात त्यानं एका पारशी बाईची पावाची पेटी उघडायला लावली. आत पाव होते. बाईनं इंग्रजीत काही सुनावलं, ते त्याला नीटसं कळलं नाही.

आठवडाभर नथ त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होती, रुमालाच्या गाठीत. घरात ठेवायला त्याला जागा सुचली नव्हती. देवापुढं ठेवावी, तर जी पोटात गेली तिची नथ देवापुढं कशी ठेवायची. बहिणीचं मांस आपण खाल्लं, ही गोष्ट तो मनात पुरत्या शब्दांत म्हणत नसे. तिच्या जवळ आला की विचार शिदूकडं, आबांकडं, सरुबाईकडं वळवायचा, म्हणजे जरा बरं वाटायचं. कुणीतरी गुन्हेगार असला की आपण नुसते फसलेले राहतो. कुणी नसला तर? शुक्रवारी तो कामावरून आला तेव्हा कोट खुंटीवर उलटा टांगलेला होता. रतनबाई कुसगावची, एका श्वासात सारं गाव सांगणारी बाई, त्या दिवशी मुकाट्यानं भाकऱ्या थापत होती. ताट वाढताना तिनं एवढंच विचारलं, "कुनाची हाय ती?" तो म्हणाला, "बहिणीची." मेलेल्या बहिणीची नथ जित्या माणसाच्या खिशात कशी येते, हे तिनं विचारलं नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि महिपतीला पहिल्यांदा कळलं की काट्यावर उभं राहणं कसं असतं. खरं सांगावं तर तिलाही सांगावं लागलं असतं की तू काय शिजवलंस आणि तू काय खाल्लंस. त्यापेक्षा तिच्या मनातली ती कुणी दुसरी बाई परवडली. त्यानं कोट सरळ केला आणि रविवारी गावी जाऊन येतो म्हणाला. रतनबाई म्हणाली, जावा की, कुणी धरलंय.

तळेगावला उतरून तो नदीच्या काठानं चालत गेला. वैशाखाचं ऊन, पळस जळून गेलेले, नदीचा नुसता सांगाडा उरलेला. असं पात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते, हे त्याला ठाऊक होतं, पण लोणावळ्यात राहणाऱ्याला पाणी म्हणजे वरून पडणारी कटकट, त्यामुळं ठाऊक असून कळलं नव्हतं. गावाच्या खाली जुना दगडी बांध होता, त्याच्या पायथ्याशी मात्र खोल हिरवं पाणी साठलेलं होतं. काठावर शिदू गळ टाकून बसला होता, आणि त्याची बायको चिमाबाई जाळ्याची भोकं सांधत होती. महिपतीनं सावलीत बसून पाणी मागितलं आणि जाता जाता विचारावं तसं विचारलं, मागल्या रविवारच्या आधी मोठी खडशी घावली होती का. शिदूनं ताबडतोब हो म्हटलं. हात पसरून लांबी दाखवली. "हितंच घावली, बांधाखाली. हितं तर बंदी न्हाई ना, दादा? धोंडा तर वर हाय." महिपती नाही म्हणाला. बंदी नव्हती. पण डोहाच्या खालच्या धोंड्यापासून या बांधापर्यंत मधला सगळा खडकाळ उतार कोरडा ठणठणीत पडला होता, त्यावर गुरं फिरत होती. डोहातली खडशी इथं आली कशी, पायांनी चालत? खोटं बोलतोय, महिपतीनं ठरवलं. डोहात हात घातला असणार आणि आता बांधाचं नाव सांगतोय. इतके दिवस मनात जे भिरभिरत होतं त्याला शेवटी एक चेहरा मिळाला, आणि खरं सांगायचं तर महिपतीला हलकं वाटलं. तो चेहरा आबांचा नव्हता, घरचा नव्हता. त्यानं शिदूचंच पाणी पिऊन तोंड पुसलं आणि चढ चढू लागला.

डोह बघितला तेव्हा मात्र त्याचे पाय थांबले. डोह कसला, चिखलाचं एक ताट. मधे गुडघाभर हिरवट पाणी, त्यात काळ्या पाठी एकमेकींवर चढत होत्या, तोंडं वर करून हवा गिळत होत्या. काठावर बगळे उभे होते, आणि बगळ्यांच्या मागं गावातली माणसं हात जोडून उभी होती. कुणी ओटी भरली होती, कुणी नारळ ठेवला होता. बगळ्यांना रीत ठाऊक नव्हती, ते आपलं काम करत होते. माणसांना रीत ठाऊक होती, म्हणून ती काही करत नव्हती. कोंडाजीआबा खालच्या धोंड्यापाशी काठी घेऊन बसले होते, आठ दिवसांत दाढी न केलेले. पुतण्याला बघताच त्यांचे डोळे भरून आले, हे महिपतीनं आयुष्यात प्रथम पाहिलं. त्यांनी सांगितलं ते असं : वैशाखी पुनवेला विठाबाई लाह्या घेऊन आली, पण नथवाली वर आली नाही. मग सगळ्यांनी बघितलं. कस्तुराची नथवाली, डोहातली सगळ्यांत थोराड, कुठंच नव्हती. चिखलात मेलेली सापडली नाही, बगळ्यांना तेवढी मोठी उचलवत नाही. म्हणजे माणसानं नेली. त्याच दिवसांत शिदूनं मोठी खडशी विकली हे तळेगावहून कळलं. "संध्याकाळी पारावर गाव बसनार हाय," आबा म्हणाले. "त्याचं खोपाट मोडायचं आन् नदीवरनं हाकलायचा. पर तो म्हन्तो, बांधाखाली घावली. पुरावा काय न्हाई आपल्याकडं." महिपतीचा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशाकडं गेला. पुरावा त्याच्याकडं होता. डाव्या पिळाचा, कुणी नाही म्हणू शकणार नाही असा. त्यानं तोंड उघडलं, आणि मागून आईनं हाक मारली, आधी जेवून घे म्हणून.

विठाबाईच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता, पण घरात ती चाचपडत नसे. भाकरी, पिठलं, कांदा तिनं नेमका जागच्या जागी ठेवला आणि दार लोटून घेतलं. भर दुपारी त्या घराचं दार कधी लोटलेलं नसे. पारावर मी शिदूविरुद्ध सांगणार आहे, असं तो सांगू लागला, तेव्हा तिनं हाताचा पंजा वर करून त्याला थांबवलं. म्हणाली, शिदूनं काही केलं नाही, मीच नेली. महिपतीला वाटलं, ऊन लागलंय हिला. पण ती शांतपणानं सांगत होती. पुनवेच्या चार दिवस आधी भल्या सकाळी, आबा राखणीला यायच्या आत ती चिखलात उतरली होती. इतक्या माशांत तिनं आपली कशी ओळखली, तर बोटानं. नथ बाहेरून दिसतच नव्हती, ओठाचं मांस तिच्यावर चढून गेलं होतं. आतून बोट फिरवलं तेव्हा मणी लागला. मग तिनं तिला ओल्या लुगड्यात गुंडाळलं आणि उतारावरून बांधाखालच्या पाण्यात नेऊन सोडलं. सगळं गाव ज्याला हात लावायला भीत होतं त्याला या म्हातारीनं कडेवर घेतलं होतं. "तिला ताप हुता तवा पानी देऊ नगा म्हनले समदे," विठाबाई म्हणाली. "म्या दिलं न्हाई. पानी पानी करीत गेली माजी पोर. आता पुन्ना तेच बघत बसू व्हय?" महिपतीनं घास ताटात ठेवला. ती पुढं म्हणाली, खाली लय पाणी हाय, सुखात असंल. असं म्हणताना ती हसली. तेव्हा महिपतीला आठवड्यात प्रथमच समजलं की गुन्हेगार कुणीच नव्हतं. आईनं वाचवायला नेली ती धोंड्याच्या पलीकडं, जिथं ती लेक नव्हती, नुसता मासा होती. शिदूनं बंदी नसलेल्या पाण्यात मासा धरला, सरुबाईनं विकला, रतननं शिजवला, त्यानं खाल्ला. प्रत्येकानं आपलं काम चोख केलं होतं. त्याला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना. खिशातला हात त्यानं बाहेर काढला. तेवढ्या वेळात आपला हात किती वेळा खिशाकडं गेला हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि आईला दिसत नाही असं धरून त्यानं तो लपवलाही नव्हता.

ऊन कलल्यावर विठाबाई म्हणाली, मला पारावर घेऊन चल. त्यानं पुष्कळ टाळलं. आई तिथं काय बोलणार आणि गाव तिला काय म्हणणार याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. शिदू तिथं असणार, मोठी खडशी धरली हे तो सांगणार, आणि आईच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकत्र येणार. पण ती काठी घेऊन निघालीच. पारावर सगळे बसले होते, शिदू खाली उभा होता, चिमाबाई त्याच्या मागं. विठाबाईनं पदर सारखा केला आणि दिराला उद्देशून सगळ्यांच्या देखत सांगितलं, भावजी, मीच नेली, चिखलात घुसमटत होती म्हणून बांधाखाली नेऊन सोडली, दंड करायचा तर मला करा. मग आबांनी दोन्ही कानांना हात लावला. आसरांच्या माशाला नथ घालायच्या दिवसाशिवाय हात लावला, असं ऐकिवात नव्हतं. कुणीतरी म्हणालं, पण ती तिथं आहे कशावरून, शिदूनं धरली तीच नसेल कशावरून? शिदू खाली मान घालून उभा होता. विठाबाई म्हणाली, चला की मग बघायला.

अख्खं गाव बांधावर आलं. सूर्य नागफणीच्या डोंगराकडं झुकला होता आणि खालच्या पाण्यावर तिरपा उजेड होता. विठाबाईनं पदरातल्या लाह्या मूठ भरून टाकल्या. पाणी स्तब्ध होतं. मग कुठूनतरी एक मोठी खडशी वर आली, तिनं कूस बदलली, एकदा पाठ चमकली, लाह्या ओढल्या आणि खाली गेली. कुणाचीतरी खडशी, नदीतली कुठलीही. लोक पुढं सरकले. विठाबाई पाण्याकडं बघत नव्हती. तिनं तोंड महिपतीकडं वळवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मला दिसत न्हाई. तू पीळ घातला हुतास. बघून सांग ह्यास्नी, दिसली का नथ?" आबा त्याच्याकडं बघत होते. शिदू बघत होता; मोठी खडशी आपण कुठून काढली आणि ती कुठं गेली, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आठवड्याभरानं या बाबूनं काठावर बसून तीच चौकशी का केली, हेही आता त्याला उमगलं असावं. महिपतीनं कुणाच्या तोंडाकडं बघितलं नाही. खऱ्या माणसासारखं त्यानं पाण्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "व्हय. दिसली. तीच हाय." शिदूनं तोंड फिरवलं आणि गळ गुंडाळू लागला.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की महिपतीला ते जत्रेतल्यासारखं दिसत राहिलं. आबा काही वेळ काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग म्हणाले, आसरांनी विठाबाईच्या हातून नेली आणि सुखी ठेवली, तर बाकीच्या कशाला मरू द्यायच्या. बायका घागरी आणायला पळाल्या. पुरुषांनी धोतरं खोचली. ज्या माशांना पिढ्यान् पिढ्या कुणी बोट लावलं नव्हतं ते घागरींतून, घमेल्यांतून, ओल्या घोंगड्यांतून उतारावरून खाली चालले, आणि लोक एकमेकांना ओरडून सांगत होते, पाणी घाल, पाणी घाल. अंधार पडायच्या आत डोह रिकामा झाला. मग आबांनी बांधाच्या खूप खाली, वळणावरच्या एका खडकाला शेंदूर फासला. आता धोंडा तिथं. तिथपर्यंतचं पाणी आसरांचं. शिदूला कुणी काही बोललं नाही, त्याचं खोपाटही कुणी मोडलं नाही. फक्त ते खोपाट आता धोंड्याच्या आत आलं होतं, आणि तिथं गळ टाकता येणार नव्हता. पुढं तो चिमाबाईला घेऊन पवना नदीच्या अंगाला, तिकोना पेठेकडं गेला, असं कळलं. महिपतीला हे फार लागलं. चोर म्हणून हाकलला गेला असता तो, ते आपल्या एका खोट्यानं टळलं. पण त्याच खोट्यानं त्याचं पाणीही गेलं. याची मांडणी कशी करायची ते त्याला आजवर जमलेलं नाही.

परतीच्या गाडीत तळेगाव सुटलं, वडगाव सुटलं, आणि कामशेतच्या अलीकडं त्याला एकदम आठवलं. नथ बाहेरून दिसतच नव्हती. आईनं स्वतः सांगितलं होतं, भाकरी वाढता वाढता, मांस चढलंय म्हणून. बोटाला लागायची, डोळ्यांना नाही. मग तिनं बांधावर, दिसली का, असं का विचारलं? विसरली? वय झालंय, विसरली असेल. पण जिला पंधरा वर्षांनी मण्याची जागा बोटानं सापडते ती बाई दुपारचं संध्याकाळी विसरते? आणि आपण, दिसली, म्हणालो तेव्हा तिनं काय ओळखलं? ती खडशी खरंच जिवंत असती तर आपण म्हणालो असतो, आये, नथ बाहेरनं कुठं दिसतीया. तिनं टोपलीकडं बघितलं नाही, आपल्या तोंडाकडं बघितलं. पण आंधळी व्हायला आलेली म्हातारी कुठंही बघितलं तरी सारखंच. महिपती आपला नियम घेऊन या प्रश्नाभोवती फिरत राहिला आणि नियम कुठूनही लागू पडेना. त्यानंतर पार्सल ऑफिसात त्यानं माणसांच्या तोंडाकडं बघायचं सोडलं. त्याची चुगली साहेबापर्यंत गेली, पण ते असो.

ज्येष्ठाच्या पुनवेला तो पुन्हा गेला. जाताना रतनबाईनं विचारलं नाही, पण भाकरीच्या फडक्याला तिनं अशी करकचून गाठ मारली होती की ती सोडताना त्याचं नख मोडलं. नदी आता भरून वाहत होती, लाल, गढूळ, वाहत्या काटक्यांची. बांध दिसत नव्हता, नवा शेंदूर धुवून निघाला होता. विठाबाई काठावर त्याच्या दंडाला धरून उभी राहिली आणि लाह्या टाकल्या. त्या पडल्या तशा वाहून गेल्या. त्या पाण्यात हत्ती असता तरी दिसला नसता. तिनं विचारलं, दिसली का. तो म्हणाला, दिसली.

"बरं झालं," विठाबाई म्हणाली. जरा वेळ पाण्याचा आवाज ऐकत उभी राहिली. मग दंडावरचा हात तिनं काढला आणि तळवा उघडून त्याच्यासमोर धरला. "आन् आता ती नथ दे हिकडं. तुज्या खिशात ऱ्हायली तर बायकू उगा काय-बाय मनात आनंल."

त्यानं रुमालाची गाठ सोडायला घेतली, ती सुटेना, दातानं सोडली. विठाबाईनं नथ घेतली, अंगठ्यानं मणी चाचपला, मग पिळावरून बोट फिरवलं, उलट्या अंगानं, पुन्हा पुन्हा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. कशी कळली तुला, कधीपासून ठाऊक आहे, आपण ती खाल्ली हेही ठाऊक आहे का, असे सगळे प्रश्न त्याच्या जिभेवर आले. ती बहुतेक ते ऐकत असावी, कारण तिनं मान हलवली, पुरे अशा अर्थानं. नथ तिनं पदराच्या टोकात बांधली.

"आश्विनात पानी निवळलं की ये," ती म्हणाली. "दुसरी येखादी बघू. धरीन मी, पर पीळ तुलाच घालावा लागंल. माज्यानं व्हत न्हाई."

तो हो म्हणाला. मग दोघं जेवायला घरी गेली.